मोर्स ग्रहणासाठीचे अरुंद क्रिस्टल फिल्टर

अरुंद क्रिस्टल फिल्टर हा हौशी रेडिओसंचातील एक घटक आहे. क्वार्ट्झच्या स्फटिकांपासून बनवलेला हा फिल्टर मोर्स संकेत ऐकताना हव्या त्या संदेशाभोवतीचा अगदी लहानसा वारंवारता-पट्टा पुढे जाऊ देतो आणि शेजारची केंद्रे व गोंगाट अडवतो. बोलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एसएसबी पद्धतीच्या फिल्टरची रुंदी साधारणतः २४०० हर्ट्झ असते. मोर्ससाठी, म्हणजे हौशी मंडळींच्या भाषेत 'सीडब्ल्यू'साठी, ५०० ते २०० हर्ट्झ रुंदीचे फिल्टर वापरले जातात.

फिल्टर जितका अरुंद तितका चांगला, असा समज नवशिक्यांमध्ये आढळतो. प्रत्यक्षात एका मर्यादेनंतर रुंदी कमी केल्याने संदेश अधिक स्पष्ट होण्याऐवजी धूसर होतो. योग्य रुंदी संदेशाच्या वेगावर, शेजारच्या केंद्रांच्या गर्दीवर, संचाच्या स्थिरतेवर आणि स्थानिक हवामानावर ठरते. अमरावती, अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांसारख्या प्रदेशात उन्हाळ्याची तीव्र उष्णता आणि वळिवाच्या विजा या दोन गोष्टींचाही विचार करावा लागतो.

## कार्यपद्धती

क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचे शुद्ध स्फटिकरूप खनिज. या स्फटिकाच्या पातळ चकतीवर विद्युतदाब दिला असता ती किंचित आकार बदलते आणि दाबली असता तिच्यावर विद्युतभार निर्माण होतो. हा दाबविद्युत परिणाम प्येर क्युरी व त्यांचे बंधू जाक क्युरी यांनी १८८० मध्ये दाखवून दिला. चकतीची स्वतःची एक ठरावीक कंपनगती असते. त्या वारंवारतेचा विद्युतप्रवाह ती सहज पुढे जाऊ देते व इतर वारंवारतांना मोठा विरोध करते.

बहुतेक रेडिओसंच सुपरहेटरोडाइन पद्धतीचे असतात. अँटेनाकडून आलेला संकेत मिक्सरमध्ये संचातील ऑसिलेटरच्या संकेताशी मिसळला जातो आणि एका ठरावीक मधल्या वारंवारतेवर आणला जातो. कोणतेही केंद्र लावले तरी ही मधली वारंवारता बदलत नाही. त्यामुळे निवडीचे सारे काम तेथे एकाच फिल्टरकडून करून घेता येते. ४५५ किलोहर्ट्झ, ९ मेगाहर्ट्झ आणि १०.७ मेगाहर्ट्झ या प्रचलित मधल्या वारंवारता आहेत. विकत घेतलेला फिल्टर संचाच्या मधल्या वारंवारतेशी जुळणे ही पहिली अट असते. उदाहरणार्थ, केनवुड कंपनीचे वायके-८८सी (५०० हर्ट्झ) व वायके-८८सीएन (२७० हर्ट्झ) हे फिल्टर ८.८३ मेगाहर्ट्झसाठी आहेत. ते ९ मेगाहर्ट्झच्या संचात चालत नाहीत.

एका क्रिस्टलचा उतार फार तीव्र नसतो. म्हणून चार, सहा किंवा आठ क्रिस्टल ओळीने जोडून फिल्टर बनवतात. फिल्टरची रुंदी साधारणतः संकेत ६ डेसिबेलने घटतो त्या दोन बिंदूंमध्ये मोजतात. ६० डेसिबेलने घटतो तेथील रुंदीला या रुंदीने भागले की आकार गुणांक मिळतो. ५०० हर्ट्झच्या एका फिल्टरची तळाची रुंदी १००० हर्ट्झ असेल तर गुणांक २ येतो, आणि २००० हर्ट्झ असेल तर ४ येतो. नावाला दोन्ही '५०० हर्ट्झचे' असले, तरी जवळच्या बलवान केंद्रापुढे पहिला टिकतो आणि दुसरा टिकत नाही.

## इतिहास

क्वार्ट्झचा रेडिओतील उपयोग १९२० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ वॉल्टर केडी यांच्या प्रयोगांनी सुरू झाला. मोर्स ग्रहणासाठी क्रिस्टल फिल्टर लोकप्रिय करण्याचे श्रेय जेम्स लँब यांना दिले जाते. त्यांनी १९३२ मध्ये 'क्यूएसटी' या हौशी रेडिओच्या मासिकात 'एकसंकेती' संचाची मांडणी केली. त्याआधीच्या संचांत प्रत्येक मोर्स केंद्र डायलवर दोनदा ऐकू येत असे, एकदा शून्य स्वराच्या एका बाजूस आणि एकदा दुसऱ्या बाजूस. लँब यांच्या संचात एकाच क्रिस्टलच्या साहाय्याने दुसरी बाजू दाबली गेली आणि पट्ट्यात मोर्स केंद्रांसाठी जणू दुप्पट जागा झाली. १९३५ च्या सुमारास आलेल्या नॅशनल कंपनीच्या एचआरओ या प्रसिद्ध संचात असा फिल्टर होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे मोर्स संदेश टिपण्यासाठी हे संच मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

पुढे अनेक क्रिस्टलचे तयार फिल्टर बाजारात आले, पण ते महाग होते. १९८० च्या दशकात वेस हेवर्ड यांनी 'क्यूएसटी'मधील लेखांतून घरी बनवण्याजोग्या शिडीवजा फिल्टरची सोपी रीत समजावली. त्यामुळे संगणक आणि दूरचित्रवाणी संचांसाठी बनलेल्या स्वस्त क्रिस्टलचा नवा उपयोग हौशींना मिळाला.

मोर्स लिपी अनिवार्य असण्याची आंतरराष्ट्रीय अट २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत काढून टाकण्यात आली. भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. असे असूनही हौशी पट्ट्यांवर मोर्स टिकून आहे. भारतात सामान्य श्रेणीच्या हौशी परवान्यासाठी मिनिटाला ८ शब्द या वेगाची मोर्स परीक्षा असते. मर्यादित श्रेणीसाठी ती नसते.

## मोर्स संकेताला लागणारी रुंदी

मोर्सचा वेग मोजताना ५० मात्रांचा एक प्रमाण शब्द धरतात. त्यानुसार एका टिंबाचा कालावधी मिलिसेकंदांत काढायचा असेल, तर १२०० ला मिनिटामागील शब्दसंख्येने भागतात. ८ शब्दांच्या वेगाला टिंब १५० मिलिसेकंदांचे, २० शब्दांना ६० चे आणि ४० शब्दांना ३० चे असते.

संदेशाला लागणारी रुंदी टिंबांच्या वेगावर अवलंबून असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रीतीनुसार सेकंदातील मात्रांच्या संख्येला एका गुणांकाने गुणतात. संकेत स्थिर असेल तर हा गुणांक ३ आणि तो क्षीण-प्रबळ होत असेल तर ५ धरतात. ५ या गुणांकाने ८ शब्दांना सुमारे ३३ हर्ट्झ, २० शब्दांना ८३ हर्ट्झ आणि ४० शब्दांना १६७ हर्ट्झ रुंदी लागते. म्हणजे वेगवान मोर्सदेखील २०० हर्ट्झमध्ये मावते. या आकड्यांवरून ५० किंवा १०० हर्ट्झचा फिल्टर आदर्श ठरावा असे वाटते. तो तसा का ठरत नाही, हे पुढील दोन विभागांवरून लक्षात येते.

## अरुंदपणाचे लाभ

रुंदी कमी केली की तिच्या प्रमाणात आत येणारा गोंगाट घटतो. २४०० हर्ट्झऐवजी ५०० हर्ट्झ वापरल्यास गोंगाट ६.८ डेसिबेलने कमी होतो आणि २५० हर्ट्झ वापरल्यास ९.८ डेसिबेलने. मात्र हा सगळा लाभ कानापर्यंत पोहोचत नाही. माणसाचा कान हाही एक फिल्टर आहे. ७०० हर्ट्झच्या आसपासचा स्वर ऐकताना तो जवळजवळ १०० हर्ट्झच्या पट्ट्यातील गोंगाटच विचारात घेतो. सरावलेला ऐकणारा रुंद फिल्टरमधूनही एखादा क्षीण स्वर वेगळा काढू शकतो, त्याचे कारण हेच. केवळ सुसूसू अशा एकसारख्या गोंगाटात अरुंद फिल्टरने थकवा कमी होतो, पण ग्रहण आकड्यांइतके सुधारत नाही.

फिल्टरचा खरा लाभ शेजारी बलवान केंद्र असते तेव्हा दिसतो. संचातील स्वयंचलित आवाज-नियंत्रण, म्हणजे एजीसी, फिल्टरमधून येणाऱ्या सर्वांत प्रबळ संकेताप्रमाणे संचाची संवेदनशीलता कमी-जास्त करते. २४०० हर्ट्झच्या फिल्टरमध्ये हवा असलेला क्षीण संदेश व १ किलोहर्ट्झ दूरचे बलवान केंद्र दोन्ही असतील, तर त्या केंद्राच्या प्रत्येक टिंबाबरोबर संच बधिर होतो. क्षीण संदेश मग तुटक ऐकू येतो, आणि कान कितीही सरावलेला असला तरी जे स्पीकरपर्यंत पोहोचलेच नाही ते त्याला ऐकू येत नाही. ५०० हर्ट्झचा चांगला फिल्टर त्या केंद्राला एजीसीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून फिल्टर एजीसीच्या आधी असणे महत्त्वाचे असते. स्पीकरच्या आधी बसवलेला श्राव्य फिल्टर शेजारचा स्वर दाबतो, पण संचाचे बधिर होणे थांबवू शकत नाही.

अँटेनाच्या बाजूने येणारा अतिभार मात्र मधल्या वारंवारतेच्या फिल्टरने दूर होत नाही. भारतात ४० मीटर हौशी पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ असून त्याच्या वर लगेच प्रसारण केंद्रांचा पट्टा सुरू होतो. संध्याकाळी ही केंद्रे पहिल्या मिक्सरलाच दडपून टाकतात. तेथे अँटेनाजवळचा ट्यून केलेला परिपथ किंवा अँटेनुएटर हाच उपाय असतो.

## अरुंदपणाचे तोटे

देवळातील घंटेवर टोला पडल्यावर नाद काही काळ रेंगाळतो. तसेच अरुंद फिल्टरला अचानक धक्का बसला की तो आपल्याच स्वरात थोडा वेळ वाजत राहतो. यास 'रिंगिंग' म्हणतात. फिल्टरला उठायला व शांत व्हायला लागणारा काळ ढोबळमानाने १ भागिले रुंदी एवढा असतो. ५०० हर्ट्झला तो २ मिलिसेकंद, २५० हर्ट्झला ४ आणि १०० हर्ट्झला १० मिलिसेकंद असतो. कडा फार उभ्या असलेल्या फिल्टरमध्ये रेंगाळणे याच्या कितीतरी पट लांबते.

३० मिलिसेकंदांच्या टिंबाला १० मिलिसेकंदांचा चढ आणि तेवढाच उतार लागला, तर टिंब व पुढील मोकळी जागा एकमेकांत मिसळतात. अक्षरे लिबलिबीत होतात. त्याहून मोठा त्रास विजेच्या कडकडाटाने होतो. रुंद फिल्टरमध्ये असा कडकडाट क्षणभराचा 'कट्' असा आवाज करून संपतो आणि कान त्याला ओळखून दुर्लक्ष करतो. फार अरुंद फिल्टर त्याच आघाताचे संदेशाच्याच स्वरातील लांबट टिंबात रूपांतर करतो. खरे टिंब कोणते आणि विजेचे कोणते, हे मग ओळखता येत नाही.

तिसरा तोटा शोधण्याचा. कोणी उत्तर देताना २०० हर्ट्झ बाजूला असेल, तर २५० हर्ट्झच्या फिल्टरमध्ये ते ऐकूच येत नाही. हाक देणाऱ्या केंद्राला वाटते कोणी उत्तर दिले नाही, आणि उत्तर देणाऱ्याला वाटते आपण पोहोचलो नाही. क्षीण शक्तीवर काम करणाऱ्या केंद्राच्या दृष्टीने ही हानी गोंगाटापेक्षाही मोठी असते.

## निवडीचे निकष

फिल्टरची रुंदी ठरवताना पुढील कोष्टक मार्गदर्शक ठरते. प्रतिसादाचा काळ ढोबळ आहे.

| रुंदी | २४०० हर्ट्झच्या तुलनेत गोंगाटातील घट | प्रतिसादाचा काळ | योग्य उपयोग |
|---|---|---|---|
| २४०० हर्ट्झ | – | ०.४ मिलिसेकंद | पट्टा चाळणे, हाकेला उत्तर शोधणे |
| ५०० हर्ट्झ | ६.८ डेसिबेल | २ मिलिसेकंद | रोजचे ग्रहण, शिकाऊ ऐकणारे, सर्व वेग |
| ४०० हर्ट्झ | ७.८ डेसिबेल | २.५ मिलिसेकंद | रोजचे ग्रहण, मध्यम गर्दी |
| २५० हर्ट्झ | ९.८ डेसिबेल | ४ मिलिसेकंद | स्पर्धा, दाट गर्दी, स्थिर संच |
| १०० हर्ट्झ | १३.८ डेसिबेल | १० मिलिसेकंद | मंद वेग, विजांविना शांत वातावरण |

एकच फिल्टर घेणे शक्य असेल तर ४०० ते ५०० हर्ट्झचा फिल्टर बहुतेकांना पुरतो. दुसरा घेता आल्यास २०० ते २५० हर्ट्झचा उपयुक्त ठरतो. परंतु तो स्विचने वेगळा करता आला पाहिजे. शोधताना रुंद आणि संदेश सापडल्यावर अरुंद, अशी वापरण्याची रीत आहे.

फिल्टरचा मध्य ऐकण्याच्या स्वराशी जुळलेला असणे तितकेच आवश्यक आहे. बहुतेकांना ६०० ते ७०० हर्ट्झचा स्वर सोयीचा वाटतो. स्वर निर्माण करणारा ऑसिलेटर फिल्टरच्या मध्यापासून तेवढ्याच अंतरावर ठेवावा लागतो. ही जुळणी चुकली की उत्तम फिल्टरमध्येही संदेश कडेला पडतो आणि दोष फिल्टरवर येतो.

## घरी बनवलेले फिल्टर

भारतातील हौशींमध्ये हैदराबादचे अशहर फरहान यांनी रचलेला बिटएक्स हा कमी खर्चाचा संच प्रसिद्ध आहे. सहज मिळणारे घटक वापरणे हे त्याचे वैशिष्ट्य. त्याच्या मूळ २० मीटर आवृत्तीत १० मेगाहर्ट्झच्या सामान्य क्रिस्टलचा शिडीवजा फिल्टर होता. हा फिल्टर बोलण्याच्या रुंदीचा आहे. अशा संचावर मोर्स ऐकणाऱ्याला एकाच वेळी अनेक केंद्रे ऐकू येतात. म्हणून अरुंद फिल्टर जोडणे ही त्यातील स्वाभाविक पुढची पायरी ठरते.

शिडीवजा फिल्टरमध्ये क्रिस्टल एकामागून एक जोडतात आणि प्रत्येक जोडावरून जमिनीकडे एक कपॅसिटर देतात. कपॅसिटर मोठे घेतल्यास फिल्टर अरुंद होतो आणि त्याचा दोन्ही टोकांचा योग्य रोधही कमी होतो. टोकांना चुकीचा रोध मिळाल्यास माथा सपाट राहत नाही, त्यात चढ-उतार येतात.

क्रिस्टल निवडताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली गोष्ट वारंवारता. १० मेगाहर्ट्झवर ५०० हर्ट्झ म्हणजे मध्याचा वीस हजारावा भाग. क्रिस्टलचा गुणवत्ता अंक एक लाख असेल तर तो याच्या केवळ पाचपट ठरतो आणि फिल्टरमध्ये बराच संकेत वाया जातो. ४.९१५२ मेगाहर्ट्झवर हेच प्रमाण दहापट होते. त्यामुळे अरुंद फिल्टरसाठी ४ ते ५ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल अधिक बरे. पाल पद्धतीच्या रंगीत दूरचित्रवाणीतील ४.४३३६ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल याच कारणाने हौशींच्या उपयोगी पडले. भारतात १९८२ पासून रंगीत प्रसारण याच पद्धतीने सुरू झाले. त्यामुळे जुन्या संचांच्या मंडलांतूनही हे क्रिस्टल काढून घेता येतात.

दुसरी गोष्ट जुळवणी. सर्व क्रिस्टलच्या वारंवारतांमधील फरक फिल्टरच्या रुंदीच्या एक दशांशाच्या आत असावा, असा ढोबळ नियम आहे. ५०० हर्ट्झच्या फिल्टरसाठी ५० आणि २५० हर्ट्झच्या फिल्टरसाठी २५ हर्ट्झ. एका साध्या ऑसिलेटरमध्ये प्रत्येक क्रिस्टल बसवून वारंवारता-मापकाने मोजतात आणि जवळचे वेगळे काढतात. बोटांच्या उबेने क्रिस्टलची वारंवारता सरकते, म्हणून बसवल्यावर थोडे थांबून वाचन घ्यावे लागते. सर्व मोजणी एकाच बैठकीत करणेही आवश्यक असते. डझनभर क्रिस्टलमधून चार जुळणारे मिळणे सामान्यतः शक्य होते.

सर्व कपॅसिटर सारखे ठेवण्याची कोन पद्धत सर्वांत सोपी आहे. पण तिच्यात क्रिस्टल वाढवले व रुंदी फार कमी केली की रिंगिंग वाढते. म्हणून मोर्ससाठी अशा रचनेत चार क्रिस्टलवर थांबणे हिताचे. कडा किंचित उतरत्या ठेवणारी गॉस पद्धतीची रचना कानाला अधिक गोड लागते, तर उभ्या कडांची चेबिशेव रचना शेजारचे केंद्र अधिक चांगले अडवते पण अधिक वाजते.

## वऱ्हाडातील परिस्थिती

अकोला व अमरावती परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर जाणे नेहमीचे आहे. क्रिस्टलची वारंवारता तापमानाबरोबर दशलक्षात काही भागांनी सरकते. ५ मेगाहर्ट्झवर १० भागांचा बदल ५० हर्ट्झचा होतो. ५०० हर्ट्झच्या फिल्टरमध्ये तो जाणवत नाही. २०० हर्ट्झच्या फिल्टरमध्ये मात्र तो रुंदीचा चौथा हिस्सा असतो. एकाच जातीचे क्रिस्टल साधारणतः सारखेच सरकतात, म्हणून फिल्टरचा आकार बिघडत नाही; त्याचा मध्य हलतो. हिवाळ्यात जुळवलेला स्वर-ऑसिलेटर त्यामुळे उन्हाळ्यात पुन्हा तपासावा लागतो. पत्र्याच्या छपराखालील खोलीत, दुपारच्या उन्हात आणि पहाटेच्या गारव्यात असलेला फरकही याच प्रकारचा असतो. कॉइलवर चालणारा मुख्य ऑसिलेटर असेल तर त्याचे सरकणे याहूनही मोठे असते. अशा संचात अरुंद फिल्टर बसवण्याआधी तो ऑसिलेटर स्थिर करणे किंवा त्याऐवजी डिजिटल ऑसिलेटर लावणे आवश्यक ठरते.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळिवाचे ढग जमतात. त्या काळात ४० व ८० मीटर पट्ट्यांवर विजांचा कडकडाट सतत ऐकू येतो. अशा वेळी २५० हर्ट्झपेक्षा ५०० हर्ट्झचा फिल्टर अनेकदा अधिक अक्षरे हाती देतो. ढग प्रत्यक्ष डोक्यावर असल्यास फिल्टरचा प्रश्नच उरत नाही. अँटेना संचापासून काढून ठेवणे हीच सुरक्षित रीत आहे. याउलट डिसेंबर-जानेवारीतील शांत पहाटे अरुंद फिल्टरला सर्वाधिक अनुकूल असतात. पट्ट्यावर विजा नसतात, तापमान स्थिर असते आणि दूरची क्षीण केंद्रे ऐकू येतात.

एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांचा गोंगाट शहरात व शिवारात दोन्हीकडे वाढला आहे. तो पट्टाभर पसरलेला असल्यास अरुंद फिल्टरने काही अंशी कमी होतो. परंतु उगम शोधून तो बंद करणे किंवा अँटेना घरापासून दूर नेणे यांचा परिणाम कोणत्याही फिल्टरपेक्षा मोठा असतो.

परीक्षेची तयारी करणाऱ्यास ८ शब्दांच्या वेगासाठी विशेष अरुंद फिल्टर लागत नाही. ५०० हर्ट्झ पुरेसे असतात. रुंद फिल्टरमध्ये एकाच वेळी ऐकू येणाऱ्या दोन-तीन केंद्रांतून एकाचाच स्वर धरून ठेवण्याचा सराव झाल्यास त्याचा कान अधिक तयार होतो.

## डिजिटल फिल्टरशी तुलना

आधुनिक संचांत फिल्टरचे काम गणिती पद्धतीने, डिजिटल संस्करणाने केले जाते. त्यात रुंदी बटण फिरवून बदलता येते, तापमानाचा परिणाम होत नाही आणि वेगळा खर्चही लागत नाही. मात्र रिंगिंगचा नियम तेथेही तोच राहतो. १०० हर्ट्झचा डिजिटल फिल्टरसुद्धा १०० हर्ट्झच्या क्रिस्टल फिल्टरप्रमाणेच रेंगाळतो. काही संचांत डिजिटल भागाच्या आधी एक क्रिस्टल फिल्टर ठेवतात. बलवान केंद्रे डिजिटल रूपांतरकापर्यंत पोहोचू न देणे हे त्याचे काम असते. संकेत थेट अँटेनाकडूनच डिजिटल करणाऱ्या संचांत असा फिल्टर नसतो.

जुना संच वापरणाऱ्या किंवा स्वतः संच बांधणाऱ्या हौशींसाठी क्रिस्टल फिल्टर आजही सर्वांत सोपा व भरवशाचा उपाय आहे. मूठभर क्रिस्टल, काही कपॅसिटर आणि जुळवणीसाठी एक संध्याकाळ एवढ्या साधनांत तो तयार होतो.

## हेही पहा

मोर्स संकेतलिपी, हौशी रेडिओ, दाबविद्युत परिणाम, सुपरहेटरोडाइन ग्राही